सेटिंग चाचांच्या डोक्यात

नाशिकला, अंबडमध्ये आमचा छोटासा कारखाना. पंचवीस माणसं, पॅकिंगची मशिनं बनवायची. मी नऊ वर्षं तिथं प्लॅनिंग बघत होते. आता कधी जुनी मंडळी भेटलो की किस्से निघतात. पूर्वी हसून हसून पोट दुखायचं. हल्ली मध्येच कुणीतरी उठून चहा सांगायला जातं.

*

मालक विलासभाऊ. गिऱ्हाईक कुणीही असो, काम कितीही असो, भाऊंचं उत्तर एकच, "होऊन जाईल!"

एकदा त्यांनी दोन पार्ट्यांना एकाच सोमवारचा शब्द दिला. मी विचारलं, "भाऊ, आधी कुणाचं मशीन घ्यायचं?"

"मॅडम, दोन्ही आधी!"

*

मग भाऊ कुठलंसं ट्रेनिंग करून आले आणि भिंतीवर हा भलामोठा बोर्ड लागला. वेळेवर असलेलं काम हिरव्या मार्करनं लिहायचं, रखडलेलं लाल. आठवड्याभरात बोर्ड लालेलाल!

त्यात एक पार्टी कारखाना बघायला येणार होती. भाऊंनी तोडगा काढला. बोर्ड पुसून सगळा हिरव्यानं लिहिला, लाल मार्कर कपाटात, कपाटाला कुलूप!

*

रशीदचाचा मालेगावचे, आमचे सगळ्यात जुने फिटर. मशीनची शेवटची सेटिंग फक्त त्यांना यायची. कागदावर एक ओळ नाही. मी म्हटलं, "भाऊ, लिहून घेऊ या. आणखी दोघांना शिकवू या."

"आधी डिलिव्हरी, मग शाळा!"

चाचा स्वतःच म्हणाले, "साहब, मैं बीमार पड गया तो?"

"पडायचं नाही!"

*

चाचा पडले. हार्ट अटॅक. ते आयसीयूत, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि इकडे मशीन अडलेलं. भाऊंनी त्यांच्या मुलाला फोन लावला. "अब्बांना विचार, रोलरखाली पत्र्याच्या किती पट्ट्या टाकायच्या?"

"साहब, वो बोल नहीं सकते."

"मग बोटांनी सांगू दे की!"

चाचांनी तीन बोटं वर केली. मशीन चालू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

*

त्या दुखण्यातून चाचा काही उठले नाहीत. भाऊ आणि मी मालेगावला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. चाचांच्या मुलीनं पाणी आणून दिलं. भाऊ म्हणाले, "तुझे अब्बा म्हणजे आमच्या कंपनीचा कणा होते."

तिनं रिकामे ग्लास उचलले. मग म्हणाली, "साहब, मेरे निकाह के दिन आपका फोन आया था. अब्बा दावत छोडके नाशिक गये. मैं बिदा हुई तब भी नहीं थे. वो मशीन कौनसी थी?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

मला आठवेना.