हसनाबादच्या गयाबाईचं मत

आता जालन्याहून हसनाबादला थेट मोटार मिळते. आम्ही निघालो तेव्हा राजूरपर्यंत मोटार आणि पुढे बैलगाडी होती. स्वातंत्र्यानंतरची दुसरी निवडणूक, नवरा उमेदवार आणि मी नवी नवरी. फिरायला जाणं म्हणून एवढंच वाट्याला आलं.

आमच्या ह्यांना जालन्यात वकील म्हणून सगळे ओळखत, खेड्यांत कुणी नाही. हसनाबाद मोठं गाव, तिथली मतं गेली की सगळंच गेलं. ह्यांची धाकटी बहीण सोजर तिथेच दिलेली. राजूरला चहा घेतला, गाडीवाल्याशी आधीच भाडं ठरवलं आणि पोटभर धूळ खात तिच्या दारात उतरलो.

भावाला पाहून सोजरने पदर डोळ्यांना लावला. बायका जमल्या. गरम भाकरी, पिठलं, ठेचा. हे चुलीपुढे पाटाशिवायच जेवायला बसले, तेव्हा बायकांचे चेहरे असे मऊ झाले की मला वाटलं, गाव जिंकलं. शेजारची म्हातारी गयाबाई तेवढी उभीच होती.

"ह्याच्या आदी कवा आल्ते, वकीलसाहेब?"

"सोजरचं लग्न लावून गेल्तो, मावशी. ते आजच आलो."

"मंग बघू," ती म्हणाली आणि घरी गेली.

पारावर हे पाण्यावर, शाळेवर छान बोलले. टाळ्याही पडल्या. परतताना माझ्या डोक्यात मात्र तेच 'बघू' होतं. मला तिचा रागच आला होता.

हे पडले, चांगलेच पडले. दिवाळी आली तेव्हा आपणहून म्हणाले, "भाऊबीजेला सोजरकडं जाऊ."

तीच मोटार, तशीच बैलगाडी. या खेपेला बरोबर झेंडा नव्हता, कार्यकर्ते नव्हते. सोजरने ओवाळलं, करंज्या झाल्या. गयाबाई दारात येऊन ह्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"तवा मत न्हाई दिलं तुमाला. तवा समदेच गोड बोलून राह्यल्ते. आता दिलं."

हे हसले. "आता कुठं निवडणूक हाय, मावशी?"

"म्हनून तं," गयाबाई म्हणाली आणि पहिल्यांदाच खाली बसली. मला ती फार आवडली.

हे पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. पण घरी कुणी निवडणुकीचा विषय काढला की ऐटीत सांगायचे, "हसनाबादला आपलं एक मत आहे." आणि ते राखायला दर भाऊबीजेला गाडीत बसायचे.