डॉक्टरांच्या दोन गाड्या

रत्नागिरीत मी गेली बावीस वर्षं गाडी शिकवते आहे. माझी एकच छोटी गाडी, डाव्या बाजूला जादा ब्रेक आणि क्लच बसवलेली. शिकणारा उजवीकडे, मी डावीकडे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर पाय रोखून बसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन कुलूप काढायचं. आई गेल्यापासून त्या घरात मी एकटीच आहे. लग्न केलं नाही, त्याला मोठंसं कारण नव्हतं. राहून गेलं.

एका वर्षी दिवाळी संपल्यावर एका डॉक्टरांचा फोन आला. हाडांचे डॉक्टर, गावात सगळे ओळखायचे, पण माझा कधी संबंध आला नव्हता. दवाखाना बंद केलेला, बायको गेलेली, मुलगी पुण्यात, एवढं ऐकून होते.

"शिकायचं कोणाला आहे?" मी विचारलं.

"कोणालाच नाही. मला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. त्यामुळे मीच स्टिअरिंग सोडलं. पण दोन गाड्या दारात उभ्या आहेत. दर शनिवारी सकाळी तासभर चालवाल का? मी शेजारी बसेन."

"ड्रायव्हर मिळेल की तुम्हाला."

"ड्रायव्हर गाडी नेतो हो. गाडी कशी चालतेय ते सांगणारं माणूस पाहिजे मला."

शनिवारी सातला गेले. शेडमध्ये दोन गाड्या होत्या. एक लाल हॅचबॅक. दिसायला अगदी घरगुती, कोणी शाळेत मुलं सोडायला वापरावी अशी, पण आत इंजिन भलतंच दांडगं. दुसरी करडी, बुटकी, दोनच सीटची, कापडी छपराची. तिचं नाक एवढं लांब की सीटवर बसल्यावर आपण जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलोय असं वाटावं. ती त्यांनी मुंबईहून कोणाकडून तरी जुनी आणली होती.

पहिले काही शनिवार लाल गाडी काढली. हातखंब्यावरून पालीपर्यंत जायचं, तिथे एका हॉटेलात चहा घ्यायचा आणि परत. रस्त्याचं काम चाललेलं, मध्येच छान मोकळा पट्टा लागायचा, मध्येच धूळ आणि वळसे. मोकळ्या पट्ट्यावर डॉक्टर म्हणायचे, "आता दाबा." मी दाबलं की गाडी उसळायची आणि स्टिअरिंग हातातल्या हातात वळवळायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पहिल्यांदा तर मला वाटलं टायर गेला.

"टायर नाही," ते म्हणाले. "स्ट्रेचर कधी ओढलाय? पुढच्या माणसाने ओढायचंही आणि वळवायचंही, म्हणजे त्याचे हात दोन कामांत अडकतात. या गाडीची पुढची चाकं तशी आहेत. दुसरीत पुढची चाकं नुसती वळतात. ढकलायला मागे माणूस आहे."

हे मला एकदम कळलं. इतकी वर्षं शिकवूनही कोणी मला असं सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात चाकं ओढतात की ढकलतात याला महत्त्व नाही, लायसन्सच्या परीक्षेत आठाचा आकडा जमला म्हणजे झालं.

तरी लाल गाडी मला आवडायला लागली. वळणात जास्त वेगाने शिरलं तर ती नाक थोडं बाहेर टाकायची, जणू सांगायची की बाई, जरा जास्त झालं. पाय सैल केला की मुकाट्याने आत यायची. मागे सीट, डिकीत जागा, खड्ड्यातून न घासता जाणारी. पालीच्या बाजारातून डॉक्टर कधी भाजी, कधी नारळ घ्यायचे. पिशवी मागे टाकताना एकदा म्हणाले, "ही मी आणि बायकोने मिळून घेतली होती. ती सारखी म्हणायची, सावकाश चालवा. आता तुम्ही चालवताय तर मीच म्हणतो, दाबा."

करडी गाडी बाहेर काढायला त्यांना थोडा धीर लागला असावा. जानेवारीत एका शनिवारी त्यांनी स्वतःच तिच्यावरचं कापड ओढून ठेवलेलं दिसलं. तिला आम्ही शिरगाव, बसणी करत काळबादेवीच्या बाजूला नेली, समुद्राकाठच्या आरे-वाऱ्याच्या वळणांवर. वाटेत प्रत्येक गतिरोधक तिरका घ्यावा लागायचा, नाहीतर पोट घासायचं. चार माणसं थांबून बघायची. एक बाई पाण्याची कळशी घेऊन चालली होती, ती आम्हा दोघांकडे बघून तोंडाला पदर लावून हसली.

पण घाटी सुरू झाली आणि मी सगळं विसरले. स्टिअरिंग इतकं हलकं आणि स्वच्छ, हातात काही ओढाताण नाही. वळणातून बाहेर पडताना पाय दिला की धक्का कमरेत यायचा, हातात नाही. पहिल्या गाडीत गाडी मला नेत होती. इथे कोणीतरी पाठीला हात लावून चल म्हणत होतं. हे मी डॉक्टरांना असंच सांगितलं. ते म्हणाले, "अजून एकदा सांगा."

त्यानंतर एक शनिवार लाल, एक करडी असा क्रम ठरला. प्रत्येक वेळी मी त्यांना सांगायचं. कुठे हात दुखले, कुठे ब्रेक जास्त लागला, कुठल्या वळणात कोणती गाडी बरी. ते बारीक बारीक प्रश्न विचारायचे. तेवढा एक तास सोडला तर आठवड्यात मला कोणी प्रश्न विचारत नव्हतं. शिकणारे विचारतात, पण ते स्वतःबद्दल. "मला जमेल ना मॅडम?"

मार्चमध्ये ते झालं. वारे गावाच्या अलीकडे एका वळणावर चिऱ्यांच्या ट्रकमधून बारीक लाल माती सांडली होती. मला ती उशिरा दिसली आणि मी पाय जरा लवकर दिला. गाडीचं मागचं अंग सुटलं. क्षणभर समोरच्या काचेत रस्ता दिसायच्या जागी समुद्र दिसला.

"अगं, पाय एकदम उचलू नकोस! जायचंय तिकडे बघ! तिकडे बघ!"

मी तिकडे बघितलं. हात आपोआप उलटे वळले, गाडी एकदा हलली आणि सरळ झाली. पुढे जागा बघून मी थांबवली. डॉक्टरांनी दोन्ही पाय फळीवर घट्ट दाबून धरले होते, मी नेहमी शिकणाऱ्यांच्या शेजारी धरते तसेच.

"सॉरी," ते म्हणाले. "मी तुम्हाला अगंतुगं केलं."

"असू दे."

"बायकोला शिकवताना असंच ओरडायचो. ती कधी शिकली नाही म्हणा."

मी परत असू दे म्हटलं आणि गाडी सुरू केली. आई गेल्यापासून मला कोणी अगं म्हटलं नव्हतं. भाऊबंद मुंबईला, इथे सगळ्यांची मी मॅडम. घरी पोहोचेपर्यंत मी फार बोलले नाही. त्यांना वाटलं मी घाबरले आहे. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

एप्रिलमध्ये मुलगी आली. बापाची नजर आणखी आकसली होती, जिन्यात एकदा पडलेही होते. त्यांना पुण्याला न्यायचं ठरलं. शेवटच्या आधीच्या शनिवारी आम्ही कुठे गेलोच नाही, शेडमध्येच उभे राहिलो.

"एकच नेता येणार आहे," ते म्हणाले. "तिथे एकाच गाडीची जागा आहे. तुम्ही दोन्ही चालवल्यात. कोणती ठेवू?"

मी विचार करून सांगितलं. लाल ठेवा. मुलगी चालवू शकेल, नातवंडं मागे बसतील, गतिरोधकावर जीव खालीवर होणार नाही. चूक झाली तर सांभाळून घेते ती. करडी गाडी चूक सांगते, पण झाल्यावर.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग करड्या गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "ही मी बायको गेल्यावर घेतली. लोक हसले. लाल गाडीत आरशात बघितलं की मागची सीट दिसायची, बाजूची दिसायची, सगळं रिकामं. हिच्यात एकच सीट रिकामी राहते."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी म्हणायचं होतं की मला ही आवडते, हिच्याइतकी कुठलीच नाही. पण त्यांनी कोणती ठेवू असं विचारलं होतं, कोणती आवडते असं नाही. मी पुन्हा लालच म्हटलं.

कोल्हापूरच्या एका माणसाने करडी गाडी घेतली. ती ट्रकवर चढवताना मी होते. मागची चाकं साखळीने आवळून बांधली. डॉक्टर घराबाहेर आले नाहीत.

पुण्याहून त्यांचे फोन यायचे, शनिवारीच. लाल गाडी सोसायटीच्या तळघरात उभी असते, मुलगी ऑफिसच्या गाडीने जाते, असं एकदा म्हणाले. पालीचा रस्ता झाला का विचारायचे. मी सांगायची, इतका झाला, अजून तिथे वळसा आहे. मग फोन दोन आठवड्यांनी यायला लागले, मग महिन्याने. गेल्या दिवाळीत मीच केला. मुलीने उचलला. बाबा झोपलेत, म्हणाली. उठल्यावर सांगते. सांगितलं असेलही.

शनिवारी सकाळी सातची वेळ मी बरेच दिवस कोणाला दिली नव्हती. उठायची, आवरायची, चहा घेऊन ओट्यापाशी उभी राहायची. शेवटी या महिन्यात ती एका नर्सबाईंना दिली. ड्युटीमुळे त्यांना दुसरी वेळ जमत नाही. क्लच फार पटकन सोडतात. पण लक्ष देऊन ऐकतात. शिकतील.