छत्रीवाला साहेब

दातिवऱ्याच्या नरहरी मेहेरला पाण्याची भीती वाटायची. मच्छीमाराच्या घरी जन्म, अंगणापासून हाकेच्या अंतरावर समुद्र, आणि होडी नुसती हलली तरी हा डोलकाठीला मिठी मारून डोळे गच्च मिटायचा. बाप कपाळावर हात मारून म्हणायचा, "देवानं आमाला पोरगा नाय दिला, मांजर दिलं." गावाला मात्र नरहरीची भीती हवीहवीशी वाटे. घाबरला की त्याच्या भुवया टोपीपर्यंत चढायच्या, खालचा ओठ लोंबायचा, आणि बघणाऱ्याला हसू आवरत नसे. लोकांना हसवायची कला त्याला अशी भीतीच्या पोटी मिळाली.

विसाव्या वर्षी तो होडीवर जायचं चुकवून मुंबईला पळाला आणि फोर्टातल्या एका नाटकगृहात कपडेपटावर लागला. कोट झाडायचे, बटणं लावायची, बूट पुसायचे. महायुद्ध सुरू झाल्यावर गोऱ्या सैनिकांची करमणूक करायला विलायतेहून एक नाटकमंडळी आली. तिच्यातल्या बॅरो नावाच्या विनोदी नटाच्या दिमतीला नरहरीला दिलं.

बॅरोसाहेब पन्नाशीचा होता. सुपासारखे कान, लांब नाक, अंगावर मांस कमीच. नायकाचं काम त्याला उभ्या जन्मात कुणी दिलं नव्हतं. बहिरा न्यायाधीश, झिंगलेला पाद्री, विसराळू हवालदार, ताट सांडणारा बटलर, असली दोन दोन पानांची कामं करत त्यानं चाळीस वर्षं काढली होती. मोडक्या हिंदीत तो नरहरीला आपली हकीकत सांगायचा. त्याचा बापही समुद्रकाठच्या गावात मासे खारवायचा. नऊ वर्षांचा असताना बॅरो धक्क्यावर हवा खायला आलेल्या लोकांपुढे नाचला, आणि लोक हसले. तेव्हापासून नाटकाच्या दौऱ्यांसाठी जी पेटी उचलली ती खाली ठेवलीच नाही. दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली, कारण नवरा घरी कधी नसेच.

पण नरहरीच्या मनात घर केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. पडदा उघडायला पाच मिनिटं राहिली की बॅरोसाहेब थरथरायला लागे. मग तो बादलीत ओकायचा. बादली धरायचं काम नरहरीचं. मग तोंड पुसून साहेब प्रवेश करायचा आणि हजार सोल्जर पोट धरून हसायचे.

"साहेब, चालीस साल हो गया, अभी भी डर?" एकदा त्यानं धीर करून विचारलं.

"डर जाता नहीं, नॅरी," साहेब म्हणाला. "परदे के इधर रुक जाता है. बस."

लढाई संपली आणि साहेब मायदेशी गेला. पुढं एकदाच नरहरीला तो दिसला, एका इंग्रजी सिनेमात. दार उघडून जेवण तयार असल्याची वर्दी दिली आणि दार लावून घेतलं, एवढंच त्याचं काम. नरहरी खुर्चीतून उठून उभा राहिला होता. मागचे लोक "बस खाली" म्हणून ओरडले तेव्हा त्याला कळलं. काही वर्षांनी नाटकगृहाच्या मॅनेजरच्या पत्रातून समजलं की साहेब गेला. थंडीच्या दिवसांत कुठल्याशा गावी खेळ चालू होता, दोन प्रवेशांच्या मधे रंगपटात खुर्चीवर बसला तो उठलाच नाही.

तोवर बाप वारला होता आणि नरहरी दातिवऱ्याला परतला होता. होडीवर तो गेला नाहीच. किनाऱ्यावर बसून जाळी विणायचा, आणि बायको मंजुळा सुकी मासळी विकायची. शिमग्याला मात्र गावाला त्याच्यावाचून चालत नसे. तो 'साहेब' करायचा. तोंडाला सफेदा, तागाच्या पिवळ्या केसांचा टोप, सोला हॅट, खाकी अर्धी चड्डी, बगलेत काळी छत्री, गळ्यात सोड्याच्या दोन बाटल्या काळ्या रंगवून बांधलेली दुर्बीण. लोक समोर बघत बसलेले असायचे आणि हा मागच्या बाजूनं, वाट चुकल्यासारखा, त्यांच्यातच शिरायचा. ही युक्ती बॅरोसाहेबाची. आणि सोंग घेण्याआधी नरहरीही घराच्या मागं जाऊन ओकायचा. मंजुळा तांब्या घेऊन उभी असे.

पासष्ट साली तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. कामावरचे कितीतरी मजूर घाटावरचे. ते सालवडला खोल्या करून राहत, आणि त्यांनी तिथं गणपती बसवला होता. मंडळाचा चिटणीस पुंडलिक कामावर हजेरी घ्यायचा. शिमग्याला त्यानं नरहरीचा साहेब पाहिला होता. "विसर्जनाच्या आदल्या दिवशी याच," असं तो सांगून गेला.

तेवढ्यात पाकिस्तानशी लढाई जुंपली. दिवे लावायची बंदी झाली, म्हणून खेळ दुपारी तीनला ठरला. रेडिओवर रोज सूचना येत होत्या, आणि रेडिओपेक्षा लोकच जास्त बोलत होते. डहाणूकडं म्हणे विमानातून छत्र्या बांधून माणसं उतरली. गोरीपान, गावची भाषा बोलणारी. अणुशक्तीचं काम उडवायला आलीत.

"नका जाऊ," मंजुळा म्हणाली. "दिवस बरे नाय."

नरहरीलाही धास्ती होतीच. पण शब्द दिला होता. सफाळ्याहून गाडी धरून तो बोईसरला उतरला. पुंडलिक घ्यायला आला होता. त्यानं नरहरीला ताडी काढणाऱ्या मंगळ्याच्या खोपटात नेलं. मंगळ्या झाडावर गेला होता, घरी त्याची बायको नवसी होती.

"इथं रंगा," पुंडलिक म्हणाला. "साहेब येणार हे कुणाला सांगितलं नाही, गंमत जाईल. ढोल वाजला की खाचरांच्या बाजूनं या."

ढोल वाजला. नरहरी खोपटामागं जाऊन ओकून आला, चूळ भरली, हॅट घातली आणि बांधावरून निघाला. पुंडलिकला मधेच कामावरून बोलावणं आलं आणि तो सायकल मारत तिकडं गेला, हे त्याला ठाऊक नव्हतं.

भात कमरेला आलं होतं. सवयीप्रमाणे नरहरी दुर्बीण डोळ्याला लावून, छत्री फिरवत, पाय उंच उचलत चालला होता. बांधावर एक बाई गवत कापत होती. सोजराबाई तिचं नाव, एका मजुराची बायको. तिनं मान वर केली. समोर गोरा माणूस, डोळ्याला दुर्बीण, हातात छत्री. बांधकामावरच्या गोऱ्या साहेबांसारखी जीप नाही, सोबत कुणी नाही. तिच्या हातचा विळा गळाला.

"छत्रीवाला!" तिनं किंकाळी फोडली. "छत्रीवाला उतरला गं बाई!"

नरहरीला वाटलं, खेळ रंगला. त्यानं हॅट काढून तिला लवून सलाम केला. ती धावत सुटली. मग मांडवाकडून माणसं येताना दिसली. पन्नास-साठ तरी. ढोल थांबला होता. त्यांच्या हातांत काठ्या, पहारी, फावड्याचे दांडे होते. आणि एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं.

नरहरीचे पाय चिखलात रुतले. ओरडून नाव सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. पहिला दांडा खांद्यावर बसला आणि तो आडवा झाला. मारणारा शिवाजी नावाचा उंच तरणा गडी होता.

"बोल! कुठनं आलास? किती जण हायेत?"

"दा... दातिवरा," नरहरी कसाबसा म्हणाला. "मी नरहरी. नाटकवाला हाय मी."

"बघा, मराठी बोलतोय!" मागून कुणी ओरडलं. "रेडिओवर सांगितलं तसंच! शिकवून पाठवतात त्यास्नी."

कुणीतरी गळ्यातली दुर्बीण ओढली. दोरी तुटली, बाटल्या एकमेकींवर आपटल्या. "बाँब हाय!" असा ओरडा झाला. एकानं ती खाचरात भिरकावली आणि सगळेच चिखलात पालथे पडले. कितीतरी वेळ कुणी हललं नाही. पुरुषभर अंतरावर कुणाचा तरी श्वास जोरजोरात चालला होता. नरहरीच्या मनात आलं, आता उठून पळावं. पण पाय दुसऱ्याचे असल्यासारखे निपचित पडले होते. स्फोट झाला नाही. माणसं उठली ती आणखी चिडून उठली. त्यांनी त्याला ओढत नेऊन ताडाच्या बुंध्याला बांधलं. शिवाजीच्या दुसऱ्या फटक्यानं ओठ फाटला. रक्ताची चव आली आणि नरहरीची खात्री पटली की आपण इथंच मरणार. मंजुळेला कोण कळवणार, एवढं एकच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

तेवढ्यात नवसी धावत आली. धापा टाकत ती माणसांत घुसली.

"सोडा त्याला! नाटकवाला हाय तो. माझ्या खोपटात रंगला, मी पाहलं."

मग शिवाजी तिच्याकडे वळला.

"तुझ्या खोपटात? म्हंजे तू ठेवून घेतला व्हतास?"

"काय दिलं गं तुला त्यानं?" कुणी विचारलं. कुणी तिचा दंड धरला. तिच्याच रानात, तिच्याच ताडाखाली, ओळखीतलं एक माणूस तिला त्या गर्दीत दिसेना. दुसऱ्यानं तिचे केस पकडले.

नरहरीनं ते पाहिलं. पुढं तो सांगायचा, त्या वेळी भीती गेली वगैरे काही नाही. उलट वाढली. पण आपल्यापायी ही बाई मरेल, ही भीती आधीच्या भीतीपेक्षा मोठी होती.

"ओ यू ब्लडी!" तो गरजला.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. आवाज साहेबाचा होता, नाकातला, घोगरा. हात बांधलेले होते, म्हणून त्यानं नुसत्या नाकानं सोंग सुरू केलं, वास घेतला. डावीकडे, उजवीकडे. नाक मुरडलं.

"व्हॉट इज धिस वास? हू इज डेड? ओ... नो, नो. बोंबील!"

कुणी हसलं नाही. शिवाजीनं दांडा उचललेला होता. पण नवसीच्या केसांतला हात सैल पडलेला नरहरीला दिसला, आणि तो थांबला नाही. नुसत्या तोंडानं आणि मानेनं तो करून दाखवू लागला: साहेबानं बाजारात सुका बोंबील घेतला. वास घेऊन चक्कर आली. झाडाला बांधलेला माणूस चक्कर येऊन पडणार कसा? दोरीतच लटकला, पुन्हा उभा राहिला. मग कुणी बघत नाहीसं पाहून साहेबानं हळूच एक तुकडा चाटला. चव आवडली. बोंबील चड्डीत दडवला. आणि आता गावातली सगळी मांजरं साहेबामागं लागली. एक पायाशी, एक चड्डीशी. "गो अवे! म्याऊ गो अवे!" बांधल्या अंगानंच तो जागच्या जागी उड्या मारत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यानं सफेदा ओघळून खाली सावळी कातडी उघडी पडत होती. भुवया कपाळात गेल्या होत्या, ओठ रक्तानं लोंबत होता. त्यातलं सोंग किती आणि खरं किती, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पहिल्यांदा हसली ती सोजराबाई. इथं राहायला आल्यापासून सुक्या मासळीच्या वासानं तिचा जीव नको झाला होता. तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू आतून फुटलंच. मग तिच्या शेजारची. मग एक म्हातारा गवंडी. बघता बघता सगळी गर्दी हसायला लागली. मोठमोठ्यानं, गुडघ्यांवर हात मारत. नवसीला त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

ते हसणं नरहरीला सोसवेना. पाव घटकेपूर्वी याच तोंडांनी "मारा" म्हटलं होतं. आता तीच उघडी तोंडं, तेच दात. थांबलो तर पुन्हा मारतील, या धास्तीनं तो उड्या मारतच राहिला. सायकल टाकून धावत आलेल्या पुंडलिकनं दोरी सोडली, तरी त्याचे पाय थांबत नव्हते.

"नरहरीभाऊ, पुरे. पुरे आता. मी आलो."

तेव्हा तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

माणसं पांगू लागली. कुणी पाणी आणलं, कुणी हळद. पुंडलिक हात जोडून माफी मागत होता. नवसीनं ओल्या फडक्यानं नरहरीचं तोंड पुसलं. "घरी जा, बाबा," एवढंच ती म्हणाली.

नरहरी घरी आला, पण भीतीही बरोबर आली. ओटीवर बायका हसल्या की तो आत जाऊन कडी लावायचा. सफेद्याचा डबा मंजुळेनं माळ्यावर टाकला. लढाई थांबली, दिवे लागले, तरी तो गावाबाहेर पाऊल टाकीना.

कार्तिकात एका सकाळी दारात उंच माणूस उभा राहिला. नरहरीनं ओळखलं आणि हातातली जाळ्याची सुई खाली पडली. शिवाजी होता. सोबत कुणी नव्हतं. तो उंबऱ्याबाहेरच बसला.

"माझा धाकटा भाऊ फौजेत हाय," तो म्हणाला. "तवा तीन आठवडं त्याचं पत्र नव्हतं. दिसंल त्यो दुश्मन वाटायचा मला. रातीला झोप न्हाई, काय न्हाई."

"आलं का मग पत्र?" नरहरीनं आतूनच विचारलं.

"आलं. जित्ता हाय."

"म्हंजे तूबी भ्यालेलाच होतास."

शिवाजीनं मान खाली घातली. "लई," तो म्हणाला.

मंजुळेनं त्याला आत बोलावलं आणि तांदळाची भाकरी न् मासे वाढले. नवऱ्याला मारणाऱ्या माणसाला ती एक शब्द बोलली नाही, पण दुसऱ्यांदा वाढलंही नाही. जेवण झाल्यावर नरहरी त्याला मोटारीच्या थांब्यावर सोडायला गेला. शेजारून चालायचं धैर्य त्याला झालं नाही. दोन पावलं मागं राहून तो चालला, आणि नरहरी दचकू नये म्हणून शिवाजीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

त्या साली शिमग्याला नरहरी घरातच बसून राहिला. त्याच्या पुढच्या साली मात्र उभा राहिला, विसराळू सासऱ्याच्या सोंगात, तोंडाला काहीही न लावता. साहेब त्यानं पुन्हा केला नाही. लोक आग्रह करायचे, तेव्हा तो सांगायचा, "तो वारला." आणि कुणीतरी त्यावर हसलं की तो अजूनही एक पाऊल मागं सरायचा.