मुळशीच्या खोऱ्यातला शेवटचा राब

या पावसाळ्यात मुळशीच्या धरणाच्या भिंतीमागं पाणी अडवायचं ठरलं आहे. इतके दिवस ही नुसती बोलवा होती. गेल्या आठवड्यात भिंतीवरच्याच एका ओव्हरसियरनं पुण्यात भेटल्यावर ती पक्की केली. "खोरं बघायचं असेल तर मृगाआधी बघून घ्या," असं म्हणून तो बशीतला चहा फुंकू लागला. मी दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.

जाणाऱ्यांसाठी आधी वाटेचं सांगतो. पौडपर्यंत मोटार मिळते. सकाळची धरावी, दुपारच्या मोटारीत धूळ आणि माणसं दोन्ही जास्त. कोथरूडची शेतं मागं पडली की चढ लागतो, आणि तिथं इंजिन तापलं तर सगळ्यांना उतरून चालावं लागतं. आम्ही चाललो. वर आल्यावर भूगावचं तळं दिसलं, पुढं भुकूमच्या आंब्यांची सावली. या रस्त्यावर एवढी शांतता आहे की मोटार आली म्हणजे शेळ्या राखणारी बाईसुद्धा उठून उभी राहते.

पौडला हसनभाईंचं दुकान आहे. मीठ, तेल, तंबाखू, दोरखंड, आणि ओळखीच्याला चहा. मी वर्तमानपत्राच्या कामानं धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाच्या दिवसांत इथं पुष्कळदा उतरलो, तेव्हापासूनची ओळख.

"काय साहेब, आता पानी बघाया आलासा का मानसं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"मग मानसं आदी बघा. पानी कुटं जातंय?"

दुकान कसं चाललंय विचारलं, तर म्हणाले, "भितीवरच्या मजुरांनी गिऱ्हाईक लई वाढलं. जुनं गिऱ्हाईक मातर गाव सोडून चाललंय. भित पुरी झाली की नवंबी जाईल. मग मी आन माजा तराजू."

पौडच्या पुढं मी बैलगाडी केली. भाडं आधीच ठरवावं, आणि खाण्याची शिदोरी पुण्याहून आणावी. वाटेत करवंदं आणि जांभळांखेरीज काही मिळत नाही. वैशाखात ती मात्र पोटभर मिळतात.

या खोऱ्यात मी पहिल्यांदा आलो तो सत्याग्रहाच्याही पुष्कळ आधी. कोकणातून ताम्हिणीची वाट चढून दोन मित्रांसह चालत आलो होतो. आश्विनातले दिवस, भात फुलोऱ्यावर. आंब्याला मोहर यायला अजून महिने होते आणि सगळ्या खोऱ्यात मोहराचा वास भरला होता. मित्र झाडं शोधत राहिले. राघूआबा नावाच्या शेतकऱ्यानं हसून खाचराकडं बोट केलं. तो वास आंबेमोहर भाताचा होता. त्या रात्री आबांच्या घरी तोच भात दुधाशी जेवलो. पुढं किती पंगतींत आंबेमोहर जेवलो, पण पहिला घास आठवतो तो त्या ओटीवरचा.

आताही मी आबांकडंच उतरणार होतो. गाडी नदीच्या अंगानं चालली तशा दगडांवर, झाडांच्या बुंध्यांवर चुन्याच्या पांढऱ्या खुणा दिसू लागल्या. पाणी कुठवर चढणार त्या या खुणा. खाचरं खुणेच्या खाली, देवीचं देऊळ खाली, घरं खाली. देवीला लोकांनी आधीच टेकडीवर नेऊन बसवलं आहे. देवळापुढचे वीरगळ मात्र जागेवरच आहेत. कोणत्या लढाईत कोण पडला हे कुणाला ठाऊक नाही, तरी दिवाळीला त्यांना तेल लागतं. ते हलवायला माणसांचं बळ पुरलं नाही. भिंतीवर याहून मोठे दगड रोज उचलले जातात.

आबा थकले आहेत, आवाज तसाच आहे. मुलगा किसन भिंतीवर कामाला जातो. सून सगुणाचं माहेर रिहे, पौडच्या अंगाला, धरणाच्या पाण्यापासून लांब. भाकरी आणि नदीतल्या मळ्या माशांचं कालवण जेवून आम्ही बसलो, आणि माझ्या येण्यानं थांबलेलं भांडण पुन्हा सुरू झालं.

भांडण बियाण्याचं होतं. इकडं भात पेरण्याआधी रोपांच्या जागेवर शेण, टहाळं, पालापाचोळा आणि माती थरांनी पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. त्या भाजल्या जागेत पेरतात ती दाढ. आबांनी दर सालासारखा नदीकाठच्या खाचरात राब रचून ठेवला होता. घरात बियाणं एकच, पेंढ्यात बांधून आढ्याला टांगलेलं, आबांच्या आज्यापासून याच खाचरातलं. इथं पेरलं आणि पाणी चढलं तर ते बुडणार. रिह्याला नेलं आणि यंदाही पाणी अडलं नाही, तर इथली खाचरं पडीक राहणार.

"मामंजी, दाढ रिह्यात टाकू," सगुणा म्हणाली. "दादानं तुकडा मोकळा ठेवलाय."

"पानी येनार, पानी येनार म्हनून किती वरसं गेली? रिह्याच्या मातीत आपल्या बियाला वास तरी ऱ्हाईल का?"

"हितं भातच ऱ्हानार न्हाई, तर वास कुटला?"

किसन म्हणाला, "आबा, चुन्याची खून आपल्या आढ्याच्या वर हाय. मारली तवा मी तितंच व्हतो."

"तू असशीलच. ज्या खड्ड्यात सत्याग्रहात तुजा बाप आडवा पडला, तितंच तू पाटी वाहतुयास."

"आडवं पडून भित थांबली का? पाटीनं घरात मीठ तरी आलं."

"मिठाचं ऱ्हाऊ द्या," सगुणा म्हणाली. "बियाचं बोला."

आबा उठताना सुनेला एवढंच म्हणाले, "सकाळी राब भाजायचाय. विस्तव आन."

याचा अर्थ मला किसननं ओटीवर अंथरूण टाकताना सांगितला. राबाला काडी ओढून पेटवत नाहीत. घरच्या चुलीतला विस्तव घरच्या बाईनं खाचरापर्यंत न्यायचा. आई गेल्यापासून ते काम सगुणाचं. तिनं नाही नेला तर आबा दुसऱ्याच्या हातून राब पेटवणार नाहीत. "आन तिनं नेला तर बियानं हितंच पडनार," तो म्हणाला. मग अंथरूण सारखं करत, "भित बाकी झ्याक झालीया. उद्या दाखवतो." आपल्या हातच्या कामाचा त्याला अभिमान आहे, आणि तो असू नये असं मला वाटत नाही.

सकाळी वारा बेताचाच होता. आबा खाचराच्या बांधावर हात मागं बांधून उभे. किसन आणि मी जरा लांब. घराकडून सगुणा आली. गोवरीवर निखारा, वर राख, आणि वाऱ्यानं विझू नये म्हणून पदराचा आडोसा. तिनं गोवरी आबांच्या पुढ्यात बांधावर ठेवली.

"विस्तव देते, मामंजी. बी देत न्हाई. ते गाडीत चढवलंया."

आबांनी घराकडं पाहिलं. माझीच गाडी होती. गाडीवान बैल जुंपत होता. मला कुणी विचारलं नव्हतं. किसन पुढं व्हायला लागला, तसा आबांनी हातानंच त्याला थांबवलं. त्यांनी गोवरी उचलली, राबाला वळसा घातला, वाऱ्याच्या उलट्या अंगाला बसले आणि एका कोपऱ्यात निखारा सारला. आग सावकाश चढली. ती वेगानं चढली तर खालची माती भाजत नाही.

"बीच नाही तर राब कशाला, आबा?" मी विचारलं.

"जमिनीला काय ठावं त्ये? तिला दर साली मिळतंय. यंदाबी मिळंल."

धूर खाली बसेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा गाडीत या म्हणून किसननं दोनदा म्हटलं. "मला हितं काम हाय," आबा म्हणाले. सगुणा त्यांच्या पाया पडली आणि बियाण्याशेजारी बसली.

वाटेत किसननं भिंत दाखवली आणि तो कामावर उतरला. भिंत खरोखर भव्य आहे. घडीव दगड, सरळ रेघ, वर मुंग्यांसारखी माणसं. जाणाऱ्यांनी ती अवश्य पाहावी, पण आधी खोरं पाहून मग पाहावी. उलट क्रमानं पाहिली तर नुसतं कौतुक वाटेल.

पौडला हसनभाईंनी सगुणाला गूळ दिला आणि पैसे घेतले नाहीत. "सासऱ्याला ठेवून निगालीस व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"येतील की," ती म्हणाली. तिथून ती रिह्याच्या वाटेला लागली आणि मी मोटारीत बसलो.

घरी येऊन आता चार दिवस झाले. या भिंतीच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालायच्या आहेत, आणि त्या गिरण्यांत मावळातलीच पुष्कळ माणसं राबतात. वीज नको असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण वीरगळांसाठी एका दिवसाची माणसं देता आली असती, आणि या लोकांच्या भाताला भातखाचराचीच जमीन शोधता आली असती. त्यानं भिंतीची उंची बोटभरही कमी झाली नसती. हे मी संपादकांना दिलेल्या मजकुरात लिहिलं आहे. छापतील असं वाटतं. प्रवासातलं राहिलं म्हणाल तर कपड्यांना राबाच्या धुराचा वास आहे. धुवायला टाकायचं अजून सुचलेलं नाही.

मृग लागला की रिह्यात दाढ पडेल, आषाढात लावणी होईल. नदी त्याच सुमारास भिंतीशी येऊन थांबेल. तोवर आबा खोरं सोडतील का, हे ओव्हरसियर सांगू शकत नाही, किसनही नाही. सगुणाला मात्र खात्री आहे. हसनभाईंच्या दुकानातून निघताना ती म्हणाली होती, "माजी लावन त्यास्नी कंदी पटली न्हाई. रोप दाट लावतीस म्हनून दर साली वरडत्यात. मी रिह्यात लावाया उतरले आसं कानावर गेलं, की बघा, बांधावर हुबं ऱ्हातील."