काणीवाले मणियार सर

निरोगी उसाच्या फडात शिरण्याआधी मणियार सर बांधावर उभे राहून अंगातला शर्ट काढायचे आणि पिशवीतला दुसरा, धुतलेला शर्ट घालायचे. घोडेगावजवळच्या एका मळ्यात मी हे पहिल्यांदा पाहिलं. मळ्याचे मालक भानुदासतात्या म्हणाले, "सायेब, सासुरवाडीला निघालाव का?"

सर बटणं लावत म्हणाले, "तात्या, आत्ता काणीच्या फडातून आलोय. त्या शर्टावर तिचं बी बसलंय. तुमच्या उसाला असला आहेर कशाला करू?"

काणी हा उसाचा बुरशीचा रोग. शेंड्यातून चाबकासारखा काळा फोक निघतो, हात लावला की काजळीसारखी पूड उडते आणि ऊस गवतासारखा बारीक होत जातो. या बुरशीत कोणते गुण कोणाकडून उतरतात, हे शोधायला कृषी विद्यापीठात सत्तर साली संशोधन सहायकाची जागा निघाली. मी खर्ड्याहून मुलाखतीला आलो. सरांनी दोन काळे फोक पुढे ठेवले आणि विचारलं, "फरक काय?"

मी बराच वेळ पाहिलं. "काही दिसत नाही, सर."

"मलाही दिसत नाही," ते म्हणाले. "फरक दिसतो म्हणणाऱ्याला शिकवायला फार त्रास होतो." आणि मला घेतलं. माझी हुशारी पाहून घेतलं की अडाणीपणा, हे मला आजही कळलेलं नाही.

सर सोनईचे. वडील बांगड्या विकायचे. बाईचा हात न आवळता बांगडी चढवणारी ती हळुवार बोटं सरांकडे आली होती. काचेच्या नळीतल्या बुरशीला ते सुईचं टोक लावायचे ते त्याच बोटांनी. या काणीचे दोन वाण एकमेकांना भेटल्याशिवाय ती उसाला लागत नाही. हे ऐकून तात्या म्हणाले, "म्हंजे बुरशीचं बी लगीन लागतं व्हय?"

"लागतं की. आन् लेकरं आईबापावर जातीलच असं न्हाई, तात्या. तीच तर पंचाईत हाय."

माझ्या वहीत आज लिहिलेलं उद्या मलाच समजायचं नाही. सर वही पाहून म्हणायचे, "गोंधळलास? बरं झालं. गोंधळ लिहून ठेव. निकाल काय, मागाहून येतोच."

तेव्हा विद्यापीठाने उसाची एक नवी जात तयार केली होती. तिला काणी लागत नाही, म्हणून तिचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, शेतकऱ्यांना वाटायचं ठरलं होतं. सरांनी नळीत तयार केलेल्या नव्या वाणांची बुरशी त्या जातीवर आणि जुन्या जातीवर सोडून पाहिली. काचघरात बारा कुंड्या नवीन जातीच्या, बारा जुन्या. एका सकाळी नव्या जातीच्या एका कुंडीत काळा फोक दिसला. सर कुंडीपुढे उकिडवे बसले. हे खरं असेल, तर बेणं वाटणं थांबवायला हवं होतं.

मी कुंडीवरची पाटी पाहिली. महिन्यापूर्वी कुंड्या धुताना एक नव्या आणि एक जुन्या जातीची अशा दोन पाट्या गळून पडल्या होत्या आणि मी त्या अंदाजाने परत खोचल्या होत्या. त्यातली एक याच कुंडीची. दुसऱ्या कुंडीतला ऊस मरून गेला होता आणि या कुंडीतला इतका बारीक झाला होता की जात ओळखू येईना. तिसऱ्या दिवशी सरांना सांगून टाकलं.

सर रागावले नाहीत. "पाट्या बदलल्यास का?"

"माहीत नाही, सर. बरोबर खोचल्या असं वाटतं."

"वाटतं," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

बेणं वाटपाच्या बैठकीत मी दाराशी उभा होतो. सर म्हणाले, "एका कुंडीत काणी आली. ती कुंडी कोणत्या जातीची, हे मला सांगता येत नाही. एक वर्ष द्या, प्रयोग पुन्हा करतो."

वरिष्ठ म्हणाले, "मग दोन वर्षं तुम्ही केलंत काय, मणियार?"

सरांनी माझं नाव घेतलं नाही. बेणं वाटायचं ठरलं. सरांनी प्रयोग पुन्हा मांडला, पण बहात्तरचा दुष्काळ पडला आणि काचघराचं पाणी बंद झालं. सर साबण न लावता अंघोळ करायचे आणि ते पाणी बादलीतून कुंड्यांना आणून घालायचे. उन्हाळ्यात सगळा ऊस वाळला. सरांच्या जागेची मुदतही वाढवली नाही. खानदेशातल्या एका कॉलेजात त्यांना नोकरी मिळाली.

एसटीत त्यांची ट्रंक चढवताना मी विचारलं, "सर, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुझ्या नावानं कुंडी ओळखता आली असती का?" ते म्हणाले. खरंच विचारत असल्यासारखे.

काही वर्षांनी भानुदासतात्यांच्या मळ्यात, त्या नव्या जातीत, काणी निघाली. मी धावत गेलो आणि सरांना पत्र टाकलं: तुमचं खरं ठरलं. त्यांचं कार्ड आलं, एकाच ओळीचं: "तात्यांनी बेणं कुठून आणलं?"

मी विचारलंच नव्हतं. पुन्हा गेलो. तात्या म्हणाले, "थोडं सरकारी हुतं, थोडं मेव्हण्याकडलं. समदं येकातच लावलं. आता कोन्चं कुठलं, कसं सांगू?"

मी सरांना लिहिलं: बेणं मिसळलं आहे. काणी कोणत्या उसाला आली, सांगता येत नाही.

उत्तर यायला दोन महिने लागले. अक्षर सरांच्या पत्नीचं, भाभींचं होतं. "तुमचे सर गेले. शेवटी त्यांना वाचवत नव्हतं, तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. 'पोरानं बरोबर लिहिलंय' म्हणाले आणि फार खूश दिसले. पत्रात तर काहीच कळलं नाही असं लिहिलं होतं. मग बरोबर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा."

भाभींना काय कळवावं, हे ठरवण्यात माझे कितीतरी दिवस गेले.