नळगाड्यांचा वापर आणि उपयोग

आमच्या निवासी शाळेच्या भोजन समितीची बैठक संपते, चहा येतो आणि मग जे बोलणे सुरू होते तेच बैठकीचे खरे कामकाज असते. किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. आमच्या तालुक्यात, म्हणजे शिरूर अनंतपाळकडे, टाकीत पाणी साठत नसले तरी किस्से बारमाही साठतात. या समितीचा मी प्रमुख. मराठी आणि संस्कृत शिकवणाऱ्या माणसाकडे भोजन का सोपवले, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे : निवडीच्या दिवशी वेळेवर आलेला मी एकटाच होतो.

प्रकरण सुरू झाले ते श्रावणात. वसतिगृहातल्या बऱ्याच मुलांना एकाएकी उलट्या-जुलाब झाले. डॉक्टरांनी अन्नही पाहिले, पाणीही पाहिले, आणि शेवटी मुलांचे हात पाहून म्हणाले, "हे आधी धुवा." संस्थेचे सचिव मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि सगळ्यांदेखत रुक्मिणबाईंना म्हणाले, "पुन्हा एक जरी पोरगं आजारी पडलं तर बाई, तुम्ही घरी."

रुक्मिणबाई आमच्या स्वयंपाकीण. शाळेवर पत्रे होते तेव्हापासून चूल त्यांच्या हातात. परातीतले पीठ त्या दिवशी गरजेपेक्षा जास्त मळले गेले.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून एका दात्याने तीन फिरती बेसिने दिली. लोखंडी सांगाड्यावर पाण्याची टाकी, खाली स्टीलचे भांडे, पायाने दाबला की सुटणारा नळ, सांडपाण्याला बादली आणि तळाला चाके. मुलांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवले, 'नळगाडी'. मला ते नाव मनापासून आवडले. पण शब्दांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला त्या वर्षी कळली. 'वापर' आणि 'उपयोग' हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी ठेवतो. नळगाड्यांचा आमच्याकडे वापर पुष्कळ झाला. उपयोगासाठी मात्र भांडावे लागले.

*

उद्घाटनाला सचिव लातूरहून आले. फीत, नारळ, पेढे, फोटोग्राफर, सारे वेळेवर. टाकीत पाणी भरायचे तेवढे राहिले होते. सचिवांनी पायाने नळ दाबला; नळाने नुसता श्वास सोडला.

फोटोग्राफर अनुभवी होता. म्हणाला, "साहेब, तुम्ही हात चोळा, फोटोत पाणी दिसत नाही."

साहेबांनी कोरडे हात चोळले, खिशातून रुमाल काढून ते कोरडे हात पुसले, आणि त्याच हातांनी पेढे वाटले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, आणि राग मला आजही स्वतःपेक्षा त्या टाळ्यांचाच येतो.

*

पंधरवड्यात साबण दिसेनासा झाला. चौकशी केली तर तो मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलपाखाली. किल्ली त्यांच्या खिशात, आणि ते जिल्ह्याच्या बैठकीला.

परतल्यावर मी विचारले. ते व्यथित स्वरात म्हणाले, "काय सांगू सर, पोरं साबण संपवायला लागली होती."

"सर, साबण संपण्यासाठीच असतो."

"हो, पण असा रोज?"

शेवटी मी साबणाच्या वड्यांचे तुकडे करून ते जुन्या मोज्यांत घातले आणि मोजे नळाला बांधले. मुख्याध्यापकांनी ते पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी, साबण कोणी काढू नये म्हणून, मोज्यांच्या गाठी दुप्पट झालेल्या आढळल्या.

*

रुक्मिणबाईंची बाजू मी घेतो म्हणून त्यांचा अपराध लपवणार नाही. एका सकाळी पाहतो तर पहिल्या नळगाडीच्या भांड्यात मेथीच्या जुड्या, दुसऱ्यात तांदूळ, आणि तिसरीच्या सांगाड्यावर पायपुसणी वाळत घातलेली.

मी संतापलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, इतकं सोन्यावानी भांडं दिलंय. त्यात नुसते हात धुवायचे व्हय?"

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, "रुक्मिणबाई, तुमची भाजी कितीही स्वच्छ असू द्या. पोरांचे हात घाण राहिले तर घरी तुम्हीच जाणार आहात. मुख्याध्यापक नाही, सचिव नाही, मी नाही."

त्यांनी मेथी उचलली. त्या संध्याकाळी त्यांनीच तिन्ही नळगाड्या भोजनगृहाच्या बाहेर पडण्याच्या दाराकडून ढकलत आत येण्याच्या दाराशी आणल्या. इतके दिवस त्या बाहेर पडण्याच्या दाराशी होत्या यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते. आपल्याकडे हात धुणे जेवणानंतरचे. आधीचे हात कोरडे असतात, म्हणून ते स्वच्छ समजले जातात.

त्या दिवसापासून रुक्मिणबाई उलथणे घेऊन दारात उभ्या राहू लागल्या. धुतलेला हात दाखवल्याशिवाय आत प्रवेश नाही. मुले उजवा हात धुऊन तेवढाच पुढे करीत. सातवीतल्या एकाने वादही घातला, "मावशी, आमी जेवतो उजव्यानं. डावा कशाला धुवायचा?"

"अन् उजवा कशानं चोळलास? डाव्यानंच की."

आमच्या शाळेत तर्कशास्त्र शिकवत नाहीत. ते दारात मिळते.

*

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, आणि पुजलेल्या अवजाराला त्या दिवशी काम लावीत नाहीत. मुख्याध्यापक अशा बाबतीत काटेकोर. शाळेची घंटा, संगणक, प्रयोगशाळेतला तराजू, कढया, झारे, सगळ्यांना हळदीकुंकू लागले. नळगाड्यांना झेंडूचे हार पडले.

दुपारी मुले जेवायला आली आणि हार पाहून थबकली. मुख्याध्यापकांनी जाहीर केले की आज नळाला हात लावायचा नाही.

मी म्हणालो, "सर, नळाला हात लागतच नाही, पाय लागतो."

"मग तर मुळीच नाही!"

मी विचारले, कढयांचीही पूजा झाली असताना आजचा स्वयंपाक कसा झाला. ते म्हणाले, स्वयंपाक पूजेच्या आधी झाला. मग मुलांचे हातही पूजेच्या आधी धुऊन घ्यायला हवे होते, असे मी म्हणालो. ते खरोखर विचारात पडले.

तोवर रुक्मिणबाईंनी नळगाडीला नमस्कार केला, हार काढून खिडकीच्या गजाला अडकवला, आणि पायाने नळ दाबला. रांग पुढे सरकली.

मुख्याध्यापकांचा विचार तेव्हा कुठे पूर्ण झाला. म्हणाले, "तुमचा मुद्दा बरोबर आहे सर. पुढच्या वर्षी हात आदल्या दिवशीच धुऊन घेऊ."

*

दिवाळीनंतर एका सकाळी नळगाड्या जागेवर नव्हत्या. सचिवांच्या पुतणीचा साखरपुडा देवणीला होता, आणि तिथल्या मांडवाला त्या शोभतील असे त्यांना वाटले. टेम्पो आला, घेऊन गेला. मला सांगण्याची गरज कोणाला भासली नाही. समितीच्या प्रमुखाला निदान आमंत्रण तरी असावे, तेही नव्हते.

मुले आठवडाभर हौदात नुसती बोटे बुडवून जेवायला बसली. रुक्मिणबाई दारात होत्या, पण हात धुवायची सोयच नसेल तर उलथणे काय करणार? आठवडा संपता संपता दोन मुलांना जुलाब सुरू झाले. औषधाने ती सावरली, पण बातमी लातूरला पोहोचली.

नळगाड्या परत आल्या त्या पाहवेनात. भांडी पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल, एक नळ तुटलेला, सांडपाण्याच्या बादल्यांत खरकटे. उदगीरहून युसूफभाई दुरुस्तीला आले. नळजोडणीचे काम त्यांच्या घरात वडिलांपासून चालत आलेले. त्यांनी तिन्ही भांडी वाकून पाहिली.

मग म्हणाले, "सर, गाडीत काई खराबी न्हाई. लोक हिला पिकदाणी समजून वापरून राहिले. मी नळ बदलून देतो. लोकायचं तुमी बघा."

त्यांनी नळ बदलला, भांडी राखेने घासली, आणि जाताना नव्या नळाखाली स्वतःचे हात धुऊन दाखवले. मजुरी विचारली तर म्हणाले, "ज्यानं पान खाल्लं त्याच्याकून घेतो."

*

दोन मुले आजारी पडली होती, तेव्हा सचिव शब्दाला जागणार हे उघड होते. पुढच्या सोमवारी ते आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. नळगाड्या आठवडाभर कुठे होत्या, हे मी स्पष्ट शब्दांत सांगितले. ते म्हणाले, विषय नळगाड्यांचा नाही, स्वयंपाकघराचा आहे. आधी जेवून घेऊ, मग बाईंना बोलावून सांगून टाकू.

रुक्मिणबाईंना हे ठाऊक होते. भिंती पातळ आहेत.

सचिव भोजनगृहात शिरले तेव्हा त्या दारात नव्हत्या. भाकऱ्यांची टोपली घेऊन वाढायला निघाल्या होत्या. आम्ही दोघे दारातल्या नळाकडे वळलो, सचिव सरळ जाऊन पंगतीच्या टोकाला, पाहुण्यांच्या पाटावर बसले. वरण आले, मेथीची भाजी आली. आमच्या शाळेची रीत अशी की श्लोक झाल्यावर पाहुण्याने पहिला घास घ्यायचा. तोवर एकाही मुलाने ताटाला हात लावायचा नाही.

रुक्मिणबाई ओळीने भाकरी वाढत आल्या. मला वाढली, मुख्याध्यापकांना वाढली, सचिवांच्या ताटावरून टोपली तशीच पुढे नेली. श्लोक संपला. सगळी मुले सचिवांच्या हाताकडे पाहत होती आणि सचिव ताटातल्या भाकरीच्या रिकाम्या जागेकडे.

"बाई, मला भाकरी?"

"साहेब, हात."

मुख्याध्यापकांना ठसका लागला. सचिवांनी माझ्याकडे पाहिले. मी वरणाकडे पाहिले. भूक लागलेली शंभरावर मुले गप्प बसतात तेव्हा तिथे फार वेळ बसवत नाही. सचिव उठले, दारापर्यंत गेले, पायाने नळ दाबला आणि मोज्यातल्या साबणाने दोन्ही हात धुतले. परत येऊन बसले. रुक्मिणबाईंनी तव्यावरची गरम भाकरी आणून वाढली. त्यांनी घास घेतला आणि पंगत सुरू झाली.

जेवणानंतर बाईंना बोलावणे झाले नाही. सचिव गाडीत बसले, काच खाली केली आणि मला हळूच म्हणाले, "सर, पुढच्या वेळी मी येईन तेव्हा बाईंना आधी सांगून ठेवा. म्हणावं, साहेब घरूनच हात धुऊन निघालेत."

मी स्वयंपाकघरात जाऊन निरोप शब्दशः सांगितला. रुक्मिणबाई परात घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या,

"घरून व्हय? मग गाडीचं दार काय पायानं उघडतेत?"