मला ऐकू आलेली थाळी

माणसाचा कान कधी खोटं बोलत नाही, असं मी वर्षानुवर्षं लिहीत आलो. बरोबरच आहे — कान बोलतच नाही. खोटं बोललो मी. आणि हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

मी बेळगावच्या वडगावचा. घरातच यंत्रमाग, त्यांच्या खडखडाटात झोपलो, जेवलो, शिकलो. त्या आवाजाला एक गुंगी असते — सगळं जग लांब, धुक्यातून चालल्यासारखं वाटतं. रातकिडे ही कवींची थाप आहे, असं मी कॉलेजपर्यंत समजत होतो. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, बारीक, उंच आवाज तुमच्यापुरते संपले. तोवर बेळगावात माझं नाव झालं होतं — संगीतावर लिहिणारा, जाणता कान. नाव झाल्यावर असलं कुणी सांगतं का?

मारुती कणकुंबीकडचा, रानातल्या गावचा. लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि जॅझनं झपाटलेला. गोव्यातल्या एका हॉटेलात पियानोवाल्याच्या साथीची जागा होती; ती मिळाली तर बँड सुटणार होता. त्याला राइड हवी होती — ड्रमच्या उजवीकडची मोठी काशाची थाळी, जॅझचा ताल जिच्यावर चालतो. एकच घेणं शक्य होतं. म्हणजे हळू गाण्यालाही चालेल आणि वरातीलाही, अशी.

"अण्णा, तुम्हीच निवडा. तुमचा कान म्हंजे कान हाय."

व्हय म्हणालो.

दुकानात दोन थाळ्या होत्या. काय ऐकायचं ते मला पाठ होतं — काठीचा टिंग सुटा यावा, त्यानंतर थाळीत घुमत राहणारी गुंज त्याच्यावर चढू नये. सगळं वाचलेलं. मारुतीनं जाडसर थाळीवर काठी टाकली. ती मला पडताना दिसली, पाण्याखाली पडावी तशी. काचेपलीकडून कुणी नाव घ्यावं — ओठ हलतात, बस्स. त्याचा चेहरा मात्र उजळला होता. काय ऐकत होता तो? दुसरी थाळी पातळ, रुंद. तिची गुंज माझ्यापर्यंत आली, ऊबदार, मागांच्या गुंगीसारखी. मी डोळे मिटले. डोळे मिटले की माणूस जाणकार दिसतो.

"हीच."

मारुतीचा हात पुन्हा पहिलीकडे गेला. "ही जरा सुटी वाटतीय न्हवं, अण्णा?"

"रानातला कान तुझा! जॅझ म्हंजे काय पाखरं हुसकायचं काम हाय व्हय रं?"

दुकानदार हसला. मारुतीही हसला, आणि त्यानं माझी थाळी घेतली. ती चांगली होती म्हणून मी निवडली नव्हती — मला ऐकू आली म्हणून निवडली होती.

इथवर नुसता भ्याडपणा. पुढचं त्याहून वाईट आहे. गोव्यात पियानोवाल्यानं त्याला मध्येच थांबवलं. त्या गुंजेत पियानो बुडत होता. मारुती तसाच माझ्याकडे आला. "थाळी चुकली काय, अण्णा?" सांगता आलं असतं. मी म्हणालो, "थाळी बरोबर हाय. हात जड हाय तुझा."

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं — बराच वेळ. आणि ते त्याला पटलं.

ड्रम सुटले. आता तो मच्छे गावातल्या कारखान्यात आहे. लेकीनं टेबलावर ताल धरला की म्हणतो, आमच्यात हात जड हाईत, बाळ.

गेल्या महिन्यात कडोलीत 'ऐकण्याची कला' या विषयावर माझं भाषण झालं. पुढच्या रांगेनं कानांवर हात ठेवले. मी बोलत राहिलो. माईक शिट्टी मारत होता, हे नंतर भाषणाला आलेल्या मारुतीनं सांगितलं.